हायक्यू!!चे 45 खंड वाचून: एवढी माणसं या मांगाच्या प्रेमात का पडतात

सरळच सांगतो, मी आजवर वाचलेल्या मांगांत, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, हायक्यू सगळ्यात वर. गोव्यात ज्याने कोणी एकदा तरी देवळामागच्या मैदानावर नेट बांधून व्हॉलीबॉल खेळलाय, किंवा खेळला नसेल पण रात्रीच्या टुर्नामेंटला कडेला उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडलाय, त्याने ही सिरीज वाचलीच पाहिजे असं माझं मत आहे. फुटबॉलवाले म्हणतील आम्हाला ब्लू लॉक आहे की, ठीक आहे, तीही वाचा, त्यावर खाली बोलतो.

आधी थोडी माहिती. हारुइची फुरुदाते यांची ही मांगा जपानच्या वीकली शोनेन जंप या साप्ताहिकात फेब्रुवारी 2012 ते जुलै 2020 चालली, एकूण 402 प्रकरणं, त्याचे 45 खंड. 2016 साली शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. इंग्रजी खंड व्हिझ या अमेरिकी प्रकाशकाने 2016 पासून काढले आणि तेच आपल्याकडे मिळतात, मराठीत नाही, कोकणीतही नाही. गोष्ट मियागी प्रांतातल्या कारासुनो नावाच्या शाळेची. टीम एकेकाळी नॅशनलला गेलेली, आता तिला कोणी विचारत नाही. तिथे हिनाता नावाचा जेमतेम 162 सेंटीमीटर उंचीचा पोरगा येतो ज्याला स्मॅशर व्हायचंय, आणि कागेयामा नावाचा सेटर येतो, आपल्याकडे लिफ्टर म्हणतात तो, खेळात जबरदस्त पण स्वभावाने असा की मिडल स्कूलमध्ये त्याच्याच टीमने वैतागून त्याने उचललेल्या बॉलला उडी मारायची बंद केली होती. हे दोघं एकमेकांविरुद्ध खेळलेले, आता एकाच टीममध्ये. बस, एवढीच सुरुवात. राक्षस नाही, जादू नाही, जगाचा नाश बिश काही नाही, शाळेतली पोरं बॉल खाली पडू नये म्हणून धावतायत.

आणि या एवढ्याशा गोष्टीच्या जगभर 5 कोटींहून जास्त प्रती गेल्यात. का गेल्या असतील हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता. माझे भाचे आणि त्यांचे मित्र याच्यावर तासन् तास वाद घालतात, चतुर्थीला सगळे एकत्र जमले की आरती संपली रे संपली यांचं चालू. थोरल्याचं म्हणणं, मामा, ॲनिमे, म्हणजे मांगावरून केलेली कार्टून मालिका, चांगला निघाला की मांगा आपोआप खपते. त्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. डीमन स्लेयर ही दुसरी मांगा 2016 मध्ये सुरू झाली पण खरी उसळली ती 2019 ला ॲनिमे आल्यावर. हायक्यूचा ॲनिमेही 2014 पासून प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने फार मनापासून केलाय, तिसरा सीझन तर अख्खे 10 एपिसोड फक्त एका मॅचवर आहे. पण ॲनिमे माणसाला पहिला खंड हातात घ्यायला लावेल, तिसावा कसा लावेल? तिसाव्यापर्यंत माणूस पैसे खर्च करत जातो तेव्हा पुस्तकातच काहीतरी असतं.

धाकटा म्हणतो चित्रं. चित्रं भारीच आहेत. सुरुवातीच्या खंडांत हात थोडा कच्चा वाटतो, चेहरे कधी कधी एकसारखे, पण जसजसं पुढे जाल तसतसं फुरुदाते काय काय करतात बघा, कधी नेटच्या वरून खाली बघतोय असं चित्र, कधी जमिनीला गाल टेकवून बॉल येताना दिसतो, कधी दोन पानं मिळून फक्त एक उडी आणि एकही शब्द नाही. व्हॉलीबॉलमध्ये बॉल हातात धरता येत नाही, सगळं एका टप्प्यापेक्षाही कमी वेळात होतं, आणि हा माणूस तो अर्धा सेकंद कागदावर असा पसरवतो की ब्लॉकर काय विचार करतोय, लिफ्टरची नजर कुठे आहे, मागचा डिफेन्सवाला कुठल्या पायावर उभा आहे सगळं कळतं. स्वतः शाळेत खेळलेल्या माणसाचं काम आहे ते, कळतंच. ज्याला व्हॉलीबॉलचा व सुद्धा माहीत नाही त्यालाही रोटेशन, लिबेरो (फक्त डिफेन्सला खेळणारा), ब्लॉकला लागलेला बॉल तीन टचमध्ये का धरत नाहीत हे मध्ये क्लास न घेता समजत जातं. त्यासाठी ताकेदा सर आहेत, टीमचे शिक्षक, त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही पण दुसऱ्या शाळांना फोन करून हातापाया पडून प्रॅक्टिस मॅच मिळवतात. वाचकाला जे विचारायचं असतं तेच ते विचारतात.

पण माझं म्हणणं वेगळं आहे, आणि हा रिव्ह्यू त्यासाठीच लिहायला घेतला.

हायक्यू लोकांना आवडते कारण त्यात कोणीही लहान नाही. म्हणजे उंचीने नव्हे, गोष्टीत. बाकीच्या पुष्कळ मांगांत हिरो असतो, हिरोचा प्रतिस्पर्धी असतो, आणि उरलेले सगळे तोंडात बोट घालून "अरे बापरे, काय शॉट मारला" म्हणायला. इथे बेंचवरच्या पोराचंही काहीतरी असतं. समोरच्या टीमचंही असतं. पहिल्या राऊंडला हरून घरी जाणाऱ्याचंही असतं. वाचणाऱ्या हजारातले किती जण हिनातासारखे असतील? फार थोडे. पण सुगावारासारखे भरपूर असतात. तिसऱ्या वर्षाचा लिफ्टर, दोन वर्षं घाम गाळला आणि शेवटच्या वर्षी पहिल्या वर्षाचा कागेयामा येऊन त्याची जागा घेतो. तो कोचना स्वतः सांगतो की जिंकायचं असेल तर त्यालाच खेळवा, फक्त जास्त मॅच खेळायला मिळू देत म्हणजे मलाही कधी संधी मिळेल. यात रडारड नाही, मोठं भाषण नाही. आपल्या गावच्या टीममध्ये असा एक तरी दादा असतोच, जो नवीन पोरांना बूट देतो आणि स्वतः बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरतो. त्याला कोणी पुस्तकात जागा देत नाही. इथे दिली.

किंवा यामागुची घ्या. चार नवीन पोरांपैकी हा एकटाच टीमबाहेर. मग तो मार्ट चालवणाऱ्या एका जुन्या खेळाडूकडे जाऊन जंप फ्लोट सर्व्हिस शिकतो, तीच ती हवेत डगमगणारी. पहिल्यांदा मॅचमध्ये उतरवतात, एकच सर्व्हिस करायची असते, आणि ती चुकते. पुढे एकदा भीतीने सोपी सर्व्हिस टाकून येतो आणि त्याची लाज त्याला चुकण्यापेक्षा जास्त लागते. मग कधीतरी बऱ्याच खंडांनंतर त्याची ती सर्व्हिस पडते. मी त्या जागेला पुस्तक मिटून उठलो आणि खळ्यात दोन फेऱ्या मारून आलो, खोटं नाही सांगत. एका सर्व्हिससाठी लेखकाने आपल्याला इतके खंड, जपानी वाचकांना तर कित्येक महिने थांबवलं, आणि ते थांबणं वाया गेलं असं कुणालाच वाटलं नसणार.

आणि त्सुकिशिमा. उंच, हुशार, सगळ्याला "एवढं काय, क्लबच तर आहे" म्हणणारा. का म्हणतो ते नंतर कळतं, त्याचा मोठा भाऊ घरी सांगत होता मी टीममध्ये आहे आणि एकदा हा मॅच बघायला गेला तर भाऊ गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या दिवसापासून याने ठरवून टाकलं की मन लावायचंच नाही, म्हणजे तुटणारही नाही. असा पोरगा शिराटोरिझावा या शाळेविरुद्धच्या प्रांताच्या फायनलमध्ये उशिजिमाच्या, म्हणजे प्रांतातल्या सगळ्यात खतरनाक डावखुऱ्या स्मॅशरच्या बॉलला एक ब्लॉक लावतो आणि मूठ आवळतो. एक पॉइंट. बोर्डावर फक्त एकच पॉइंट वाढतो! पण तोपर्यंतचे सगळे खंड त्या मुठीत आहेत. ही मॅच 21व्या खंडात संपते, आणि मला विचाराल तर अख्ख्या सिरीजमधलं हे सगळ्यात उत्तम काम.

आता हे सगळं आठवड्याला साधारण 19-20 पानं या वेगाने छापून आलेलं आहे हे विसरू नका. शोनेन जंप कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1968 मध्ये सुरू झालेलं हे पाक्षिक, मग साप्ताहिक झालं, 1995 च्या सुरुवातीला त्याचा एक अंक 65 लाख 30 हजार छापला गेला होता, ते शिखर. एका अंकात वीसच्या आसपास सिरीज असतात आणि सोबत वाचकांसाठी कार्ड, या अंकातल्या कुठल्या तीन गोष्टी आवडल्या ते लिहून पाठवायचं. ज्याला मतं कमी पडत राहतात त्याची सिरीज गुंडाळतात, कितीही मेहनत केलेली असो, काही तर दोन-तीन खंडांतच संपतात. म्हणजे तिथे लोकप्रियता ही नंतर मोजायची गोष्ट नाहीच, दर आठवड्याला परीक्षा आहे. आपल्या जत्रेतल्या नाटकात नट प्रेक्षकांचा श्वास ऐकत ऐकत बोलतो ना, तसंच काहीसं. आणि अशा जागी साडेआठ वर्षं टिकायचं, तेही बेंचवरच्या पोरांना वेळ देत देत, हे धाडस मला फार मोठं वाटतं. सोपा रस्ता होता की, दर आठवड्याला हिनाताला उंच उडवायचं आणि टाळ्या घ्यायच्या.

जंपची ठरलेली त्रिसूत्री म्हणजे मैत्री, मेहनत, विजय. हायक्यू पहिल्या दोन गोष्टी भरभरून देते आणि तिसरीच्या बाबतीत हात आखडता घेते. कारासुनो पहिल्या मोठ्या स्पर्धेत आओबा जोसाई या शाळेकडून हरते. त्याआधी पहिल्या राऊंडला कारासुनोने ज्या टीमला हरवलं, तोकोनामी, त्यांचाही एक खेळाडू मनात म्हणतो की आम्हीसुद्धा व्हॉलीबॉल खेळलो. त्याच प्रकरणात कारासुनोच्या मुलींच्या टीमची कॅप्टन मिचिमिया हिची हारही आहे. त्यांच्याबद्दल पुढे फार काही येत नाही, पण ते वाक्य डोक्यात राहतं. स्पर्धेत एक टीम सोडून सगळेच हरणार असतात, हे इतकं साधं गणित आहे आणि खेळाच्या गोष्टी लिहिणारे ते बहुतेक विसरतात. ज्यांनी तालुका लेव्हलला हरून कदंबच्या बसमध्ये गप्प बसून घरी प्रवास केलाय त्यांना ते पान वाचताना काय होईल ते मला वेगळं सांगायला नको.

इथून पुढे थोडा स्पॉइलर आहे, नको असेल त्यांनी हा एक पॅरा सोडा. नॅशनलच्या क्वार्टर फायनलला हिनाताला ताप भरतो आणि मॅच चालू असताना त्याला बाहेर काढतात. हिरोला! आणि टीम हरते. जे पोरगं 40 खंड "मला कोर्टवर राहायचंय" म्हणतंय त्याला स्वतःचं शरीर सांभाळता आलं नाही म्हणून बाहेर जावं लागतं, आणि ताकेदा सर त्याला तिथे जे समजावतात ते मी प्रत्येक कोचने भिंतीवर लावावं असं म्हणेन. त्यानंतर गोष्ट उडी मारते ती थेट ब्राझीलला, रिओ दि जानेरोच्या किनाऱ्यावर. हिनाता तिथे बीच व्हॉलीबॉल शिकायला गेलाय, सायकलवरून खाण्याची डिलिव्हरी करून दिवस काढतो, पाकीट चोरीला जातं, भाषा पोर्तुगीज. आणि वाळूवर त्याची ती प्रसिद्ध उडीच चालत नाही! पाय रुततो, वारा बॉल पळवतो, दोघांनीच सगळा कोर्ट सांभाळायचा म्हणजे नुसता स्मॅशर म्हणून जगता येत नाही, रिसीव्हही यावा लागतो, उचलताही यावा लागतो. मिरामारला नाहीतर मोरजीला वाळूत कोणी खेळलं असेल तर त्याला माहीत आहे की जमिनीवरचा राजा तिथे पहिल्या पाच मिनिटांत कसा धापा टाकतो. हा भाग आम्हा गोव्याच्या लोकांना जितका जवळचा वाटेल तितका दुसऱ्या कुणाला वाटेल असं मला वाटत नाही. आणि तिथेच त्याला एक जुना प्रतिस्पर्धी भेटतो, कोण ते नाही सांगत.

आता ब्लू लॉक. 2018 पासून चालू, मुनेयुकी कानेशिरो लिहितात आणि युसुके नोमुरा चित्रं काढतात. फुटबॉल आहे, वेग आहे, चित्रं अंगावर येतात, गोव्यातल्या पोरांना ती आवडणारच. पण तिचं म्हणणं असं की चांगला स्ट्रायकर व्हायचं तर आधी स्वतःपुरतं बघायला शिक. वाचताना रक्त गरम होतं हे खरं, पण बाहेर पडलेली पोरं बऱ्याचदा तिथेच संपतात. मला संपणाऱ्यांचं पुढे काय झालं ते वाचायचं असतं. ज्याला थरार हवा त्याला ती जास्त आवडेल आणि त्यात काही चूक नाही. जुन्यांपैकी स्लॅम डंक मात्र दोघांच्याही आधी वाचा असं मी म्हणेन, 31 खंडांची आहे, बास्केटबॉलवर, 1990 ते 1996, पुढच्या कितीतरी स्पोर्ट्स मांगांनी तिच्याकडून घेतलंय.

हायक्यूत खटकणारं काय? पात्रं फार. टीम दहाबारा आणि प्रत्येकात सात-आठ नावं, त्यात जपानी नावं नवीन वाचकाला सारखीच वाटतात, तिसऱ्या खंडापर्यंत भाचा एका कागदावर शाळांची नावं लिहून ठेवायचा. नॅशनलमधली इनारिझाकीविरुद्धची मॅच लांबते, म्हणजे प्रत्येक पान चांगलंच आहे पण सलग वाचताना दम लागतो, ती आठवड्याला थोडी थोडी वाचायलाच बनलेली आहे. आणि शेवटचे तीनेक खंड उलट घाईचे, तिथे अजून दोन खंड घेतले असते तर बरं झालं असतं, कारण मोठी झालेली ही पोरं कोण काय काम करतंय, कोण खेळतंय, कोणी खेळ सोडून दुकान टाकलंय, हे सगळं इतकं गोड आहे की पोटभर मिळत नाही.

विकत घेण्याबद्दल. इंग्रजी खंड एकेक चारशे-पाचशेच्या आसपास पडतो, 45 खंडांचा हिशोब केला तर मध्यमवर्गीय घराला परवडणारा नाही, म्हणून मित्रमंडळीत वाटून घ्या, एकाने पहिले दहा, दुसऱ्याने पुढचे. आमच्या इथल्या पोरांनी तेच केलंय आणि पावसात मैदान पाण्याखाली असतं तेव्हा हे खंड घरोघर फिरत असतात. नाहीतर व्हिझचं शोनेन जंप ॲप भारतात चालतं, महिन्याची वर्गणी थोडीशीच आहे आणि सगळी सिरीज तिथे वाचता येते. चोरीच्या स्कॅनवर वाचू नका रे, भाषांतर वाईट असतं आणि ज्या माणसाने साडेआठ वर्षं दर आठवड्याला आपल्यासाठी पानं काढली त्याला एक पैसा जात नाही. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे घरातल्या मोठ्यांना भेट देत असाल तर आधी सांगा. सुरुवात पहिल्यापासूनच करा, मधून नको, आणि निदान आठ खंड वाचा, म्हणजे आओबा जोसाईची पहिली मॅच पूर्ण होते. तिथपर्यंत आवडली नाही तर पुढेही आवडणार नाही, सोडून द्या.

वयाचं म्हणाल तर पाचवी-सहावीपासून कुणीही वाचू शकतं, मारामारी नाही, घाण काही नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मुलींसाठी. टीममध्ये कियोको आणि याची नावाच्या दोन मुली आहेत, दोघी चांगल्या लिहिल्यात, ही दुसरी घाबरत घाबरत मॅनेजर होते तो भाग तर खास आहे, पण दोघीही मॅनेजरच. माझी भाची नववीत आहे, शाळेच्या टीममधून लिबेरो म्हणून खेळते, तिने अख्खी सिरीज माझ्याआधी संपवली आणि तिचा सवाल एकच होता, मामा, मुलींची एकतरी मॅच पूर्ण का नाही दाखवली? मिचिमियाच्या टीमला मिळालेली ती थोडीशी पानं तिने मला उघडून दाखवली आणि म्हणाली हे चालू ठेवायला हवं होतं. बरोबर आहे तिचं.